झांकीतला भाव

आमच्या ह्यांची मिल बंद पडली, पण मिलची झांकी काही बंद पडली नाही. भोंगा थांबला, कापडाचे साचे भंगारात गेले, खात्यातली माणसं कुणी रिक्षावर तर कुणी पोह्यांच्या ठेल्यावर लागली. तरी अनंत चतुर्दशी जवळ आली की इंदूरच्या परदेशीपुऱ्यातले हे सगळे बेकार वीर बंद फाटकाशी जमायचे आणि ट्रकवर हलती चित्रं उभारायच्या मागे लागायचे. ज्यांनी इंदूरच्या झांक्या पाहिल्या नाहीत त्यांना काय सांगू! ट्रकवर अख्खी लंका जळते, कालियाच्या फण्यावर कृष्ण नाचतो, आणि पोरांना खांद्यावर घेऊन सगळं शहर रस्त्याच्या कडेला उभं असतं. आमचे हे, म्हणजे कृष्णराव, त्या झांकीचे मुख्य मिस्त्री. सायकलची चेन आणि जुन्या पंख्याची मोटर एवढ्यावर ते राक्षसाला मान डोलवायला लावायचे. घरातला नळ मात्र वर्षभर गळत असायचा.

त्यांच्या सगळ्या झांक्यांत मला एक फार आवडली होती. शेतकऱ्याच्या दारातली कोठी, आणि तिच्यातून धान्य ओसंडतंय. ओसंडतंच आहे, थांबायचं नावच नाही. खाली पडलेलं धान्य एका पट्ट्यावरून मागच्या मागे पुन्हा कोठीत जाई, म्हणून ते संपत नसे. लोक टाळ्या वाजवत. हे ट्रकच्या मागे लपून मोटर सांभाळत, घामाघूम.

आमचा मुलगा हृषीकेश याला या सगळ्याची लाज वाटायची. बाप बेकार, आणि वर राक्षस नाचवतो! त्याने कंप्यूटरचा कोर्स केला होता आणि एका संस्थेत लागला होता. संस्थेचं काम गावोगाव कंप्यूटर बसवायचं. गावातल्या माणसाने तहसिलीचे खेटे घालायचे नाहीत, मंडीतले भाव, जमिनीचे कागद, अर्ज, सगळं गावातच मिळायचं. काम चांगलं होतं, आजही चांगलंच म्हणेन मी. आणि घर त्याच्याच पगारावर चालत होतं, हे आम्ही तिघंही जाणून होतो आणि कुणी बोलत नव्हतं.

मानपूरच्या पुढे, हमरस्ता सोडून आत, असं एक गाव त्याच्याकडे होतं. तिथलं सूचना केंद्र, म्हणजे कंप्यूटरची ही माहितीची खोली, पहिलंच, म्हणून भोपाळहून मोठे साहेब उद्घाटनाला येणार होते. तारीख ठरली, हार सांगून झाले, कंप्यूटर आला. टेलिफोनची लाईन काही आली नाही. लाईन नाही म्हणजे मंडीचे भाव येणार कुठून? हृषीकेश घरी आला तो तोंड पाडूनच.

"साहब के सामने खाली डब्बा दाखवू का? नोकरी गेली समजा, आई."

हे कोपऱ्यात बसून कसली तरी तार सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "त्यात काय? झांकी करू."

मला वाटलं पोरगा आता भडकणार. पण तो त्यांच्याकडे बघतच राहिला आणि म्हणाला, "कशी?" आणि ह्यांच्या चेहऱ्यावर काय उजेड आला म्हणून सांगू! मिल सुटल्यापासून मुलाने बापाला काही विचारलं असेल तर ते पहिल्यांदाच.

मग आमच्या घरी काय धुमाळी उडाली. ह्यांनी पंचायतीच्या खोलीसाठी प्लायवूडची कमान केली, झांकीचे उरलेले दिवे लावले, वीज गेली तर म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी जोडायची सोय केली. हृषीकेश संस्थेचा कंप्यूटर घरी घेऊन आला होता. त्यावर त्याने एकामागून एक येणारी पानं तयार केली. नकाशा, तिरंगा, मग मंडीच्या भावांची यादी. अगदी लाईनवरून येतेय असंच वाटावं. मी पोळ्या लाटता लाटता कौतुकाने बघत होते.

"बाबा, लसणाचा भाव काय टाकू?" तो म्हणाला. त्या गावात लसूण फार.

"चांगला टाक रे, दिल खोल के. शुभाचं काम आहे. माझ्या झांकीत कधी कोठी रिकामी बघितलीस का?"

हृषीकेश हसला आणि त्याने चांगला टाकला. मीही हसले. कोपऱ्यावर एसटीडी बूथ होता, मंडीत एक फोन केला असता तर खरा भाव कळला असता. पण झांकीत खरा भाव कोण बघतो? रावणाला खरी दहा तोंडं आहेत का, असं कुणी विचारतं का? आम्ही झांकीवाली माणसं. आमच्या डोक्यात ते आलंच नाही.

उद्घाटनाला मीही गेले, नवी साडी नेसून. साहेबांनी फीत कापली, ह्यांचे दिवे लागले, पडद्यावर तिरंगा फडफडला. मग साहेब म्हणाले की गावातल्याच कुणीतरी भाव वाचून दाखवावेत. पुरुष एकमेकांकडे बघू लागले. तेव्हा गयाबाई पुढे आली.

गयाबाई मराठीच. तिचे आजेसासरे महूच्या पलटणीत होते, तिथून हे कुटुंब त्या गावात जमीन करून राहिलं. चाळिशीची, ताठ, चष्मा दोऱ्याने बांधलेला. हे केंद्र गावात यावं म्हणून घरोघर फिरली ती हीच बाई. गावच्या पटेलाला, म्हणजे आपल्याकडच्या पाटलाला, आणि बाकी बड्यांना ते फारसं पसंत नव्हतं, कंप्यूटरही आणि ती फिरते तेही. पण तिची मुलगी प्रीती शिकलेली होती आणि केंद्रात बसवायला मुलगी मिळतेय म्हणून संस्था खूश होती. खुर्ची प्रीतीलाच मिळणार, हे जवळजवळ ठरलेलं होतं. गावाने एकदा हो म्हणायचं, एवढंच बाकी.

गयाबाईने चष्मा सारखा केला आणि खणखणीत आवाजात भाव वाचले. लसणाचा भाव वाचला तेव्हा माणसांत कुजबुज झाली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. हे कमानीमागे बॅटरीपाशी उभे होते, घामाघूम.

परत निघताना मी तिला म्हटलं, "इंदूरला आलात तर घरी या हं. परदेशीपुऱ्यात झांकीवाले मिस्त्री कुठे म्हणून विचारा, कुणीही सांगेल."

जीपमध्ये मी हृषीकेशला विचारलं, "अरे, त्यांना सांगितलंस ना, हे आजच्यापुरतं आहे म्हणून?"

"सांगतो ना आई. लाईन आली की असली भाव येतीलच." आणि त्याने खिडकीबाहेर मान वळवली.

काही दिवसांनी गयाबाई खरंच आली. मी भांडी घासत होते. दारात उभी, पदर धुळीने भरलेला, हातात लसणाची पिशवी. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. हे आतल्या खोलीत होते.

"काकू, भैयाजी आहेत का? हृषीकेश भैया?"

"तो ऑफिसात. का हो? बसा तर."

ती बसली आणि काही वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. मग एकदम बोलायला लागली. दर वर्षी एक व्यापारी त्यांच्या दारातून लसूण उचलतो. यंदा तो आला तर हिनेच त्याला परतवून लावलं. मंडीत इतका भाव असताना तुला का देऊ, म्हणून तोंडावर सांगितलं. शेजारच्या दोन-चार घरांनाही हिनेच भरीला पाडलं. सगळ्यांनी मिळून ट्रक केला आणि माल इंदूरच्या मंडीत आणून ओतला. बोली लागली ती व्यापाऱ्याच्या भावापेक्षाही खाली. माल परत न्यायचा तर पुन्हा भाडं. तिथेच देऊन टाकला.

"मंडीवाले हसायला लागले हो, काकू. बोले, कौन से देश का भाव पढ़ के आई हो, बाई?" ती हसायचा प्रयत्न करत होती. "माझीच गलती आहे. चष्मा जुना झालाय. मी वरची लाईन खाली वाचली असेल नाहीतर खालची वर. कंप्यूटर थोडीच झूठ बोलतो?"

माझ्यापुढे शेगडीवर चहाचं आधण होतं. ते मी नुसतं ढवळत राहिले.

"आता गावात बोलतात, जिला वाचता येत नाही तिच्या मुलीला कशाला बसवायचं? पटेल तर बोलला, मशीनच वापस करा. आमचे हे काहीच बोलत नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. काकू, भैयाला सांगा, मला एक बार फिर से शिकवून जा. आणि मशीन नका नेऊ म्हणावं. माझ्या चुकीने प्रीतीचं नुकसान नको व्हायला."

बोलायचं होतं तर हीच वेळ होती. बाई, तुझा चष्मा चांगला आहे, तू वाचलंस ते बरोबरच वाचलंस, खोटं होतं ते आम्ही लिहिलेलं. एवढंच तर म्हणायचं होतं! पण मला हृषीकेशचा चेहरा दिसला, आणि संस्थेतले साहेब दिसले, आणि मी तिच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली. वरून शेव घातली. म्हटलं, "घ्या ना, गरम आहेत." आज ते आठवलं की मला माझ्या हातांचीच किळस येते.

आणि हे? मॅनेजरच्या टेबलावर मूठ आपटणारा माणूस, मिलच्या फाटकाशी पोलिसांपुढे छाती काढून उभा राहिलेला. दाराच्या पडद्यापलीकडे उभं राहून सगळं ऐकत होते. बाहेर आले नाहीत. पडद्याखाली त्यांची पावलं मला दिसत होती, ती एवढीशीही हलली नाहीत. गयाबाईलाही दिसत असतील. जाताना ती पडद्याकडे बघून म्हणाली, "काकाजींना नमस्कार सांगा. सजावट लई सुंदर केली होती."

लसणाची पिशवी ती ठेवूनच गेली.

हृषीकेश घरी आला तेव्हा त्याने चप्पल काढायच्या आत ह्यांनी त्याला धरलं. "त्या गावात चल माझ्याबरोबर. मी सगळ्यांसमोर सांगणार. भाव मी टाकायला लावला."

"बाबा, पागल झाले का? साहब को पता चला तर सगळा प्रोजेक्ट बंद होईल. बाकीच्या गावांचं काय? परसों लाईन जोडतायत. असली भाव यायला लागले की लोक विसरून जातील."

"ती बाई विसरेल?"

हृषीकेश मग जे बोलायला नको होतं ते बोलला. "तुमची मिल तर बुडाली. आता माझी पण बुडवा."

ह्यांनी खुंटीवरचा शर्ट काढला, घातला, आणि दारात जाऊन बसले. ताट वाढलं तर म्हणाले, "भूक नाही." मी पोरावर ओरडले, मग ह्यांच्यावर ओरडले. माझ्यावर ओरडायला कुणी नव्हतं, तेवढं माझं नशीब.

रविवारी आम्ही दोघं बसने मानपूरला उतरलो आणि पुढे एका ट्रॅक्टरवरून गावात गेलो. ह्यांनी मला नको म्हटलं होतं. पण मला राहवेना, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा भरवसाही नव्हता. हृषीकेश सकाळीच जीपने पोचला होता. लाईन जोडून झाली होती. केंद्रात कोण बसणार हे त्याच दिवशी ठरायचं होतं, म्हणून पंचायतीसमोर बरीच माणसं जमली होती. कमान अजून उभी होती. दिवे कुणीतरी काढून नेले होते. गयाबाई आणि प्रीती एका बाजूला, भिंतीला टेकून. प्रीतीने केसांना तेल लावून घट्ट वेणी घातली होती, परीक्षेला जाणाऱ्या मुलीसारखी.

आम्हाला बघून हृषीकेशचा रंग उडाला. पटेल मात्र उठून पुढे आला. "आओ बाबूजी, बैठो! झांकीवाले बाबूजी आए हैं!"

हे बसले नाहीत. उभ्या उभ्याच बोलले, आपल्या त्या मोडक्यातोडक्या हिंदीत. "भाइयों, उस दिन जो भाव था, वो झूठा था. लाईन आई नहीं थी. वो झांकी थी. लसूण का भाव मैंने बोल के डलवाया. इस बाई ने जो पढ़ा, सही पढ़ा. इसकी कोई गलती नहीं. गलती मेरी है."

 मला हलकं हलकं झालं. सुटलो एकदाचे, असं वाटलं मला.

मग पटेल हसला. कुत्सित हसला असता तर बरं झालं असतं. अगदी मनापासून, प्रेमाने हसला. "बाबूजी, आप तो देवता आदमी हो. बाई को बचाने के लिए सब अपने माथे पे ले रहे हो. पर आप तो मिल में थे ना? आपने तो लाईट लगाई थी. कंप्यूटर में भाव आप कैसे डालोगे?"

माणसं हसली. तीही प्रेमानेच. कुणीतरी ह्यांना पाण्याचा पेला आणून दिला.

"अरे, खरं सांगतोय मी!" हे एकदम मराठीतच ओरडले. "मी सांगितलं आणि ह्याने टाकला! विचारा ह्याला!"

सगळ्यांचे डोळे हृषीकेशकडे वळले. असं होऊ शकतं का म्हणून पटेलने माळवीत विचारलं, "क्यों भिया, ऐसा हो सके कई?"

माझा मुलगा कंप्यूटरसमोर उभा होता. पडद्यावर त्या दिवशीचे खरे भाव आलेले होते. त्याने त्या पडद्याकडे बघितलं, बापाकडे नाही बघितलं, आणि म्हणाला, "भाव तो मंडी से आते हैं. सीधे."

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. त्या दिवशी ते मंडीतूनच आले होते.

मीही तिथेच होते. मी पाहिलं होतं, ऐकलं होतं, हसले होते. मला तोंड होतं. मी पदर तोंडाला लावून उभी राहिले, आणि लोकांना वाटलं असेल, बिचारी नवऱ्याच्या चांगुलपणाने गहिवरली.

 "मी खोटं बोलत नाही," हे पुन्हा म्हणाले, पण आता आवाज चढेना. मागून एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "झूठ बोलना भी नहीं आता बिचारे को." आणि तेवढ्यात गयाबाई भिंत सोडून पुढे आली. मला वाटलं, आता ही भांडेल. भांड बाई, सोडू नकोस आम्हाला, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

ती ह्यांच्यासमोर उभी राहिली आणि गावाकडे तोंड करून म्हणाली, "बस करो! बुजुर्ग आदमी को झूठा मत बोलो. मैंने ही गलत पढ़ा था. मेरी नजर कमजोर है. मैं सबके सामने बोलती हूँ, गलती मेरी है."

मग वाकून तिने ह्यांच्या पायांना हात लावला. "काकाजी, माझ्यासाठी एवढं केलंत. सख्खा बाप पण नाही करत."

हे मागे सरले. ती पुढे आली तसे आणखी मागे सरले, त्यांची पाठ त्यांच्याच कमानीला लागली आणि प्लायवूड करकरलं. "बाई, नको, नको," एवढंच ते म्हणत होते. तिने ऐकलं नाही.

बाईने आपल्या तोंडाने कबूल केल्यावर गावाला आणखी काय विचारायचं? खुर्चीवर पटेलचा पुतण्या बसला. हृषीकेश त्याला माऊस कसा धरायचा ते दाखवू लागला. प्रीती काही वेळ बघत उभी होती. मग तिने वेणी पुढे घेतली, मागे टाकली आणि घराकडे निघाली. मशीन मात्र गावात राहिलं. गयाबाईला तेवढं तरी हवंच होतं.

ती आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आली. बस येईपर्यंत माझ्याशी इकडचं तिकडचं बोलत होती, ह्यांच्या तब्येतीची चौकशी करत होती. हे दूर, झाडाखाली, आमच्याकडे पाठ करून उभे होते.

"काकू, मागचा लसूण संपला असेल ना? थोडा अजून देऊ?"

"आहे अजून," मी म्हटलं. त्या सबंध दिवसात माझ्या तोंडून निघालेलं खरं तेवढंच.

हृषीकेशच्या कामावर साहेब खूश झाले. आता त्याच्याकडे आणखी गावं आहेत, आणि तिथले भाव खरे असतात, तो रोज स्वतः ताडून बघतो. बापाशी बोलतो, पण त्यांच्या डोळ्यांकडे बघत नाही. गणपती आले तेव्हा मिलची माणसं ह्यांना बोलवायला आली होती. हे म्हणाले, गुडघे दुखतात. मग माणसं बिनमिस्त्रीचीच झांकी घेऊन गेली आणि रस्त्यात तिची मोटर अडकली म्हणे.

लसणाची पिशवी स्वयंपाकघरात खिळ्याला तशीच आहे. पाकळ्यांना हिरवे कोंब आलेत, काही आतून पोकळ झाल्यात. मी एकदा ती उचलून बाहेर टाकायला निघाले तर हे दारात आडवे आले. वापरायला काढली तेव्हाही आडवे आले. मग मी ती परत खिळ्याला लावली.